लवाद, मध्यस्थी की कोर्ट? आधी भांडण सुटं करा

प्रश्न : मैत्रिणीबरोबर मी अकरा वर्षं डिझाइनची छोटी फर्म चालवली. गेल्या वर्षी खटके उडायला लागले आणि चार महिन्यांपूर्वी ती बाहेर पडली. दोन मोठे ग्राहक तिच्यामागे गेले. ते आपणच आणले होते, असं तिचं म्हणणं. शेवटच्या दोन वर्षांच्या नफ्याचा हिशेब आमच्यात जुळत नाही. फर्मचं नाव तिलाही हवंय आणि मलाही. वेबसाइटचा पत्ता तिच्या नावावर नोंदलेला आहे. माझ्या वकिलांनी दाव्याचा मसुदा तयार ठेवलाय. भाऊ म्हणतो, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, एखादा मध्यस्थ गाठ. आमच्या भागीदारीच्या करारनाम्यात लवादाचं एक कलम आहे. लवाद म्हणजेच मध्यस्थी का? आणि खरं सांगायचं तर, बोलणी मी सुरू केली तर मी घाबरले असं तिला वाटेल.
ता. क. तिची आई मला अजूनही फोन करते. उचलू का?

उत्तर : तुमचं मूळ पत्र चार पानांचं होतं, वर त्याचा गाभा दिला आहे. मी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेतली. नफ्याच्या हिशेबावर तुम्ही सहा ओळी लिहिल्या आहेत, ग्राहकांवर अर्धं पान, आणि नावावर दीड पान. ते नाव कसं सुचलं, पहिली पाटी कोणी रंगवली, ते नाव दुसऱ्या कुणाच्या दारावर दिसलं तर काय वाटेल, हे सगळं त्यात आहे. सोबत तुम्ही दाव्याच्या मसुद्याचा सारांश जोडलाय. त्यात प्रमाण बरोबर उलटं आहे. पैशांवर पानंच्या पानं आणि नावाबद्दल एक परिच्छेद. यात वकिलांची चूक नाही. कोर्टाकडून जे मिळू शकतं तेच दाव्यात मागायचं असतं. पण तुम्हाला जे हवंय ते आणि दाव्यात जे मागितलंय ते, यांत एवढं अंतर असेल तर दावा दाखल करण्याआधी थोडं थांबायला हवं.

आधी शब्द नीट करून घेऊ, कारण हा गोंधळ महागात पडतो. लवाद आणि मध्यस्थी एक नव्हे. लवाद म्हणजे तुम्ही दोघींनी मिळून नेमलेला खासगी न्यायाधीश. तो दोन्ही बाजू ऐकतो, कागद बघतो, साक्षी घेतो आणि निवाडा देतो. तो निवाडा तुम्हाला आवडो न आवडो, बांधून घेतो. मध्यस्थाला निवाडा देण्याचा अधिकारच नसतो. तो तुम्हाला बोलतं ठेवतो, अडलेलं सोडवायला मदत करतो, आणि शेवटी सही करायची की नाही ते तुम्हीच ठरवता. मधूनच उठून जायचीही मुभा असते. या दोन्हींच्या मध्ये सलोखाकार येतो. तो तोडगा सुचवतो, पण लादू शकत नाही. आणि या सगळ्यांच्या आधी, तिसऱ्या कुणाशिवाय, दोघींनी समोरासमोर बसून केलेली बोलणी. ती तुमच्याकडे दोनदा फिसकटली आहेत असं दिसतं.

आता करारनाम्यातलं ते कलम. तुम्ही त्यातली एक ओळच मला पाठवली आहे. आज घरी गेल्यावर पूर्ण कलम काढा आणि सावकाश वाचा. वाद लवादाकडे ‘नेता येईल’ असं आहे की ‘नेला जाईल’? लवाद एक की तीन? नेमायचा कुणी? एकाच भागीदाराला नेमणुकीचा अधिकार दिला असेल तर ते वकिलांना लगेच दाखवा, त्यावरून पुढे निवाडाच अडचणीत येऊ शकतो. आणि लवादाच्या आधी बोलणी किंवा मध्यस्थी करावी लागेल अशी पायरी आहे का, तेही बघा. पुष्कळ करारांत ती असते आणि नेमकी तीच ओळ कुणी वाचत नाही.

मी एवढा आग्रह का धरतेय, तर तुमचा दावा पहिल्याच पायरीवर अडकू शकतो म्हणून. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाने 1985 मध्ये लवादाचा एक नमुना कायदा तयार केला आणि कितीतरी देशांनी आपले कायदे त्यावर बेतले. त्याचं आठवं कलम सांगतं की लवादाचा करार असताना कोणी कोर्टात गेलं आणि समोरच्या पक्षाने वादाच्या मुद्द्यांवर आपलं पहिलं म्हणणं देतानाच, उशीर न लावता, तशी मागणी केली, तर कोर्टाने दोघांना लवादाकडे पाठवायचं. करारच निरर्थक किंवा अंमलात न येण्याजोगा असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे मैत्रिणीच्या वकिलाने एक अर्ज केला की तुमचे काही महिने आणि बरेच पैसे गेले. दुसरीकडे, लगोलग थांबवण्यासारखं काही घडत असेल, उदाहरणार्थ फर्मच्या फाइली पुसल्या जात असतील किंवा खात्यातून पैसे हलत असतील, तर लवादाचं कलम असूनही कोर्टाकडून तात्पुरता आदेश मागता येतो. नवव्या कलमात तशी सोय आहे. वकिलांना हे दोन प्रश्न थेट विचारा. त्यांना राग येणार नाही, आणि आला तर तेही कळलेलं बरं.

लवाद म्हणजे स्वस्त कोर्ट, असा एक समज आहे. तो खरा नाही. न्यायाधीशाचा पगार सरकार देतं, लवादाची फी तुम्ही दोघी देता. तुमच्या आकाराच्या फर्मसाठी तीन लवाद म्हणजे उधळपट्टी, एक पुरे. लवादाचे फायदे वेगळे आहेत. विषयातला जाणकार निवडता येतो, कामकाज खुल्या कोर्टात चालत नाही, तारखा आपल्या सोयीने ठरवता येतात. आणि परदेशातला निवाडाही अंमलात आणता येतो, कारण 1958 च्या न्यूयॉर्क करारात आज 170 हून अधिक देश आहेत. तुमच्याकडे तो प्रश्न तसा नाही, दोघी एकाच गावात राहता. पण लवादाच्या एका गोष्टीचा विचार आधीच करून ठेवा. निवाडा सहसा फिरत नाही. प्रक्रियेत खोट असेल, पक्षपात झाला असेल, लवादाने अधिकाराबाहेर जाऊन काही ठरवलं असेल, तर तो रद्द होऊ शकतो. ‘हिशेब चुकीचा मांडला’ एवढ्यावर बहुतेक ठिकाणी कोर्ट हात घालत नाही. काहींना हा अंतिमपणा हवा असतो. तुम्हाला हवा आहे का?

आता भाऊ जे म्हणतो त्याबद्दल. म्हण जुनी आहे आणि तिच्यामागे लोकांनी भोगलेलं आहे, हे मला मान्य आहे. पण काही वेळा शहाण्यानेच कोर्टाची पायरी चढायला हवी. समोरच्याची भीती वाटत असेल, मारहाण किंवा धमक्या असतील, तर मध्यस्थीच्या टेबलावर दोघं समान नसतात आणि तडजोडीच्या नावाखाली दुबळा आणखी दबला जातो. गुन्हा घडला असेल, ज्याचा हक्क जातोय तो माणूस टेबलावरच नसेल, किंवा समोरचा केवळ वेळ काढण्यासाठी ‘बोलू, बोलू’ म्हणत असेल, तर कोर्टच. तुमच्या पत्रात मी हे सगळं शोधलं. राग आहे, दुखावलेपण आहे, पण भीती दिसली नाही. ती असेल आणि लिहिली नसेल तर मला परत कळवा, मग माझं उत्तर बदलेल.

भीती नाही असं धरून पुढे जाते. तुमच्या भांडणात चार धागे एकमेकांत अडकलेत आणि चौघांना एकच औषध लागू पडणार नाही.

सगळ्यात सोपा धागा हिशेबाचा आहे, जरी आज तुम्हाला तोच डोंगराएवढा वाटत असला तरी. दोन वर्षांच्या नफ्याचा आकडा हे मत नाही, तो काढता येतो. त्यासाठी लवादही नको. दोघींना मान्य असा एक त्रयस्थ हिशेबतपासनीस नेमा आणि त्याचा आकडा दोघींवर बंधनकारक राहील असं आधी लिहून घ्या. याला तज्ज्ञाचा निर्णय म्हणतात. व्यवसाय विकताना किंमत ठरवायला ही पद्धत सर्रास वापरतात. त्याला प्रश्न मात्र नेमका द्या. ‘आमचा हिशेब बघा’ असं नको. ‘या दोन वर्षांत प्रत्येकीच्या वाट्याला किती रक्कम यायला हवी होती आणि किती आली’ असं विचारा. आकडा काढता आला तरी काही रकमा वादाच्या राहतील, जसं तिने घरून केलेल्या कामाचा खर्च. तिथे अमेरिकेतल्या बेसबॉलमधली एक रीत कामी येऊ शकते. खेळाडू आणि संघ यांचं मानधनावर जमलं नाही तर दोघं एकेक आकडा देतात आणि लवादाला त्यातला एकच निवडावा लागतो, मधला काढता येत नाही. 1974 पासून हे चालू आहे. अवाजवी आकडा देणाऱ्याचा आकडा नाकारला जाण्याचीच शक्यता जास्त, म्हणून दोन्ही बाजू आपोआप शहाण्यासारखं मागायला लागतात, आणि बऱ्याचदा सुनावणीची वेळच येत नाही.

वेबसाइटच्या पत्त्याबद्दल एक सावधगिरी. इंटरनेटवरच्या नावांच्या वादांसाठी 1999 पासून कोर्टाबाहेरची एक जागतिक व्यवस्था आहे आणि जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचं केंद्र तशी प्रकरणं हाताळतं. कुणीतरी तुम्हाला ती सुचवेल. पण ती दुसऱ्याचं नाव वाईट हेतूने बळकावणाऱ्यांसाठी आहे. भागीदार वेगळे झाल्यावरचे वाद समोर आले की तिथले परीक्षक बहुतेक वेळा ‘हे आमचं काम नाही’ म्हणून परत पाठवतात. फी भरून ते ऐकायला जाऊ नका.

ग्राहकांचं दुखणं मी समजू शकते, पण तिथे फारसं काही हाती लागेल असं मला वाटत नाही. ग्राहक ही माणसं आहेत, ती आपल्या पायांनी गेली. करारनाम्यात ग्राहक न नेण्याचं स्पष्ट कलम असेल तर गोष्ट निराळी. नसेल तर चालू असलेल्या कामांचे पैसे कोणाला, यापुरता हा प्रश्न उरतो आणि तो हिशेबतपासनिसाकडेच जाऊ द्या.

राहिलं नाव. इथेच खरं घोडं अडलंय आणि इथे कोर्ट किंवा लवाद तुम्हाला दोनच उत्तरं देऊ शकतात, तुमचं किंवा तिचं. मेरी पार्कर फॉलेट नावाची अमेरिकन विदुषी होती. 1925 मध्ये संघर्षावर बोलताना तिने स्वतःचा एक साधा अनुभव सांगितला. हार्वर्डच्या ग्रंथालयात एका लहान खोलीत ती बसली होती. दुसऱ्या कुणाला खिडकी उघडी हवी होती, तिला बंद. अखेर त्यांनी शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली. त्याला खोलीत मोकळी हवा हवी होती आणि तिला उत्तरेचा वारा थेट अंगावर नको होता, एवढंच. फॉलेट म्हणते ती तडजोड नव्हती, कारण कुणीच काही सोडलं नाही. मी हा दाखला देते कारण ‘नाव मला हवं’ ही तुमची मागणी आहे, पण त्यामागे काय आहे ते तुम्हीही अजून स्वतःला विचारलेलं नाही. अकरा वर्षांच्या कामाचा पुरावा हवाय? जुने ग्राहक तुम्हाला त्या नावाने शोधतात म्हणून हवंय? की तिने ते मिरवू नये, एवढंच हवंय? तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत. पहिल्यासाठी जुनी कामं दोघींनी आपापल्या संचात श्रेयासह दाखवण्याचा करार पुरेल. दुसऱ्यासाठी ठरावीक काळ जुन्या पत्त्यावरून दोघींच्या नव्या पत्त्यांकडे वाट दाखवता येईल. तिसऱ्यासाठी ते नाव दोघींनीही न वापरण्याचं ठरवता येईल. यातलं एकही तुमच्या दाव्यात मागितलेलं नाही. मध्यस्थीत मात्र तिन्हींवर बोलता येतं. म्हणून नावासाठी माझा सल्ला मध्यस्थीचाच आहे.

मध्यस्थीत प्रत्यक्ष काय घडतं ते सांगते, कारण लोक तिथे कोर्टाची तयारी करून येतात. मी बरीच वर्षं मध्यस्थ म्हणून बसले आहे. सुरुवातीला सगळे एकत्र बसतात, प्रत्येकजण आपलं सांगतो, मध्ये बोलायचं नाही. तुमच्यासाठी हाच भाग सगळ्यात जड जाईल. मग मध्यस्थ प्रत्येकीशी वेगळ्या खोलीत बोलतो. तिथे तुम्ही सांगितलेलं तुमच्या परवानगीशिवाय पलीकडे जात नाही, म्हणून तिथे खरं बोला, कुठवर मागे सरकू शकता तेही सांगा. समोरासमोर बसणं अशक्य झालं तरी काम थांबत नाही. 1978 च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत कॅम्प डेव्हिडला इस्रायल आणि इजिप्त यांच्यातल्या शांततेची बोलणी झाली, तेव्हा इस्रायलचे पंतप्रधान बेगिन आणि इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष सादात पहिल्या काही दिवसांनंतर जवळजवळ एकत्र बसलेच नाहीत. मध्यस्थ असलेले अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कार्टर आणि त्यांची माणसं एकाच मसुद्याचा कागद इकडून तिकडे नेत राहिली, 23 वेळा तो दुरुस्त झाला आणि तेराव्या दिवशी सह्या झाल्या. कागद ना याचा ना त्याचा, तिसऱ्याचा, हे त्यातलं महत्त्वाचं. ‘तुझा मसुदा’ आणि ‘माझा मसुदा’ असे दोन कागद टेबलावर आले की माणसं कागदासाठीच भांडतात.

येताना दोन गोष्टी आणा. एक, करार झाला नाही तर तुमच्या हातात काय उरतं याचा प्रामाणिक अंदाज. दावा किती वर्षं चालेल, किती खर्च येईल, हरण्याची शक्यता किती, हे वकिलांकडून लेखी घ्या. टेबलावरचा प्रस्ताव त्याच्याशी ताडून बघायचा, मनातल्या स्वप्नातल्या निकालाशी नाही. दोन, सही करण्याचा अधिकार. ‘भावाला विचारून सांगते’ असं असेल तर भावालाच बरोबर आणा.

जमलं, तर त्याच बैठकीत लिहून सह्या करा. इथे माझी एक चूक सांगते. एका प्रकरणात दोन भागीदारांचं रात्री उशिरा जमलं, सगळे थकले होते, आणि ‘ग्राहकांना परस्परसंमतीने कळवावे’ हे वाक्य मी तसंच जाऊ दिलं. तीन महिन्यांनी दोघं परत माझ्यासमोर होते, त्या कळवण्याच्या ईमेलमधल्या शब्दांवरून. तो ईमेल त्याच रात्री लिहून करारनाम्याला जोडायला हवा होता. तेव्हापासून ‘परस्परसंमतीने’, ‘योग्य त्या वेळी’, ‘शक्य तितक्या लवकर’ हे शब्द मी खोडत आले. तारीख लिहा, आकडा लिहा, हप्ता चुकला तर काय होईल ते लिहा. आणि वकिलांना विचारा की या तडजोडीला हुकूमनाम्याचं किंवा लवादाच्या निवाड्याचं बळ कसं देता येईल. लवाद नेमलेला असेल तर तो दोघींच्या संमतीचा निवाडा नोंदवून देऊ शकतो. मग कुणी शब्द फिरवला तर सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही.

एक गोष्ट विसरू नका. दावा लावण्याची कायद्याने ठरलेली मुदत असते आणि नुसती बोलणी सुरू आहेत म्हणून ती सहसा थांबत नाही. वर्षभर चहूबाजूंनी चर्चा करून शेवटी मुदत संपली म्हणून हात चोळत बसलेली माणसं मी पाहिली आहेत. शेवटची तारीख वकिलांकडून आजच काढून घ्या. ती जवळ असेल तर बोलणी चालू असेपर्यंत मुदतीचा मुद्दा कोणीही उचलणार नाही असा लेखी करार तुमच्याकडे चालतो का ते विचारा. चालत नसेल तर दावा दाखल करून ठेवा आणि मग मध्यस्थीला बसा. दावा दाखल असताना मध्यस्थी करता येत नाही असं मुळीच नाही.

आणि घाबरल्याचं. ज्याच्याकडे दाव्याचा मसुदा तयार आहे तो बोलायला तयार असला तर समोरच्याला त्यात भीती दिसत नाही, तयारी दिसते. फक्त निरोप गोड करू नका आणि तिखटही नको. असा काहीसा पाठवा:

‘आपल्या करारनाम्यात लवादाचं कलम आहे ते तुला माहीत आहे. तिथे जाण्याआधी दोन गोष्टी सुचवते. हिशेबासाठी दोघींना चालेल असा एक तपासनीस नेमू, त्याचा आकडा दोघींनी मान्य करायचा. नावाबद्दल एका मध्यस्थासमोर एकदा बसू. तीन नावं मी पाठवते, त्यातलं एक तू निवड, किंवा तुझी तीन पाठव. पंधरा दिवसांत कळव. हे पत्र माझे सगळे हक्क राखून लिहीत आहे.’

शेवटचं वाक्य वकिलांना दाखवून मगच पाठवा. तडजोडीसाठी लिहिलेलं पुढे तुमच्याविरुद्ध वापरलं जाऊ नये यासाठी ते आहे, आणि त्याचे नेमके शब्द प्रत्येक ठिकाणी सारखे नसतात. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर कलमाप्रमाणे लवाद नेमण्याची नोटीस द्या. परत परत विचारत बसू नका.

आता ता. क. तिच्या आईचा फोन उचला. अकरा वर्षांत त्यांचं तुमच्याशी जे नातं जुळलं ते कुठल्याच करारनाम्यात नाही. फर्मचा विषय त्यांनी काढला तर ‘काकू, ते आम्ही दोघी बघू’ म्हणा आणि तब्येत विचारा. त्या स्वतःहून म्हणतील की मी तुमच्यात समेट करून देते, मी आले की ती ऐकेल. त्याला मात्र नाही म्हणा. तुमच्यातली कुणीही हरली तरी ज्याचं काही जात नाही, तोच मध्यस्थ होऊ शकतो. काकूंचं दोन्हीकडून जाईल.